मऊ चीज आणि डाएट: आमच्या फ्रीजमधल्या डब्यांचा हिशोब

‘मऊ चीज डाएटमध्ये चालतं का?’ असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. कुठलं मऊ चीज? आणि कुठलं डाएट? क्रीम चीज, रिकोटा, कॉटेज चीज, ताजं मोझरेला, फेटा, ब्री, कॅमांबेर, मस्कारपोने ही सगळी मंडळी दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात, म्हणून ती एका कुळातली ठरत नाहीत. १०० ग्रॅम मस्कारपोनेत ४० ग्रॅमच्या वर फॅट असतं, तेवढ्याच कॉटेज चीजमध्ये जेमतेम ४. एका डब्यावर कीटोवाला (कार्ब अगदी कमी, फॅट भरपूर खाणारा) खूश, दुसऱ्यावर जिमवाला. डब्यांची अदलाबदल झाली तर दोघांचंही गणित कोसळतं.

माझी नोकरी दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे डबा हातात आला की आधी तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची, ही खोड काही जात नाही. घरातही सध्या वाचायला भरपूर आहे. धाकटे दीर कीटोवर आहेत. सासऱ्यांना बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलंय. नणंदेचं पोट नाजूक, ती लो-फॉडमॅप नावाचं पोटासाठीचं पथ्य पाळते. लेक व्हीगन झाली आहे, मुलगा जिमला जातो आणि मी जन्माची शाकाहारी. एकच फ्रीज आणि त्यात सगळ्यांचे डबे. हे परीक्षण त्या डब्यांचं आहे. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही, कारण एकाच प्रकारच्या दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक दोन प्रकारांमध्ये असतो. लोक मात्र ब्रँडवर वाद घालतात आणि प्रकार न बघता उचलतात.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच: चीजचं दूध कशाने साकळवलं ते आधी बघा. आंबवून, रेनेट (दूध साकळवणारं एन्झाइम) घालून, की गरम दुधात आम्ल टाकून? आणि वर बुरशी चढवली आहे का? लॅक्टोज (दुधातली साखर), कॅल्शियम, शाकाहार असे डाएटवाल्यांचे बहुतेक प्रश्न तिथेच निम्मेअधिक सुटतात.

कॅल्शियमचंच घ्या. दुधातलं बरंचसं कॅल्शियम केसीन या प्रथिनाच्या कणांना धरून असतं. दूध हळूहळू आंबत गेलं की ते कॅल्शियम सुटतं, निवळीत उतरतं आणि निवळीबरोबर वाहून जातं. रेनेटने दूध लवकर, फार आंबट व्हायच्या आतच साकळतं, म्हणून कॅल्शियम गोळ्यातच राहतं. परिणाम आकड्यांत दिसतो. रेनेटवाल्या मोझरेला आणि फेटामध्ये १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबवलेल्या क्रीम चीजमध्ये सुमारे १००, कॉटेज चीजमध्ये त्याहूनही थोडं कमी. म्हणजे ‘हाडांसाठी’ म्हणून जी माणसं रोज वाटीभर कॉटेज चीज खातात, त्यांना एक पेला दूध जास्त कॅल्शियम देऊन जातं. हे सांगितलं की लोकांना राग येतो. पण आकडे डब्यावर छापलेले असतात, मी घरी बनवत नाही.

आता एकेक डबा उघडू.

कॉटेज चीज मुलाचं. हे डाएटवाल्यांचं जुनं दैवत. अमेरिकेत १९७०च्या दशकात सडपातळ होण्याचं अन्न म्हणून त्याचा मोठा बोलबाला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं ८ ऑगस्ट १९७४चं, राजीनामा जाहीर करण्याच्या दिवसाचं जेवण म्हणजे अननसाच्या चकत्यांवर कॉटेज चीज आणि सोबत दूध. त्या ताटाचा फोटोही आहे. सत्ता जात असताना माणूस डाएट सांभाळतो, याचं मला अजून नवल वाटतं. प्रोटीनच्या बाबतीत मात्र कॉटेज चीजची कीर्ती खरी आहे. पूर्ण फॅटवाल्या कॉटेज चीजच्या १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि कॅलरी शंभराच्या आतबाहेर. कमी फॅटचं घेतलं तर प्रोटीन तेवढंच आणि कॅलरी सत्तरच्या घरात. वजन उतरवताना भूक मारायला याच्याइतकी सोय थोड्याच डब्यांत असते.

खोट आहे ती मिठाची. कॉटेज चीजचे दाणे पाण्याने धुतात आणि मग त्यावर खारवलेलं क्रीम ओततात. चव तिथूनच येते, आणि सोडियमही तिथूनच: १०० ग्रॅमला साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम. जिमवाली मुलं १०० ग्रॅमवर थांबत नाहीत. पाव किलोची वाटी रिकामी केली की ७५० ते १००० मिलिग्रॅम सोडियम पोटात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगितली आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा कोटा एका वाटीत संपला. माझं मत: चार आणे दाणे आणि बारा आणे पाणी असे ब्रँडही बाजारात आहेत. एका डब्यात तर दाणे शोधायला चमचा फिरवावा लागला, बाकी सगळा गोंद घालून घट्ट केलेला पांढरा रस्सा. घटकांच्या यादीत तीन तीन प्रकारचे गोंद दिसले तर डबा परत ठेवा.

मुलाला आता मी क्वार्ककडे वळवलंय. हेही आंबवलेलंच, प्रोटीन १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या आसपास, फॅट काढलेल्या दुधाचं घेतलं तर फॅट जवळजवळ शून्य, आणि साध्या क्वार्कमध्ये सहसा मीठ घालत नाहीत. ड्युकान डाएटसारख्या प्रोटीनवर उभ्या असलेल्या पद्धती फॅट नसलेल्या अशा चीजवर एवढा भर देतात ते उगाच नाही. चव? खरं सांगायचं तर चव नाहीच. फळं घालून खा, नाहीतर मिरपूड आणि काकडी.

क्रीम चीज दिरांचं. ‘वहिनी, यात कार्ब किती?’ हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे. उत्तर: १०० ग्रॅमला ४ ते ५ ग्रॅम. कीटोवाले दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्बवर राहतात, त्यामुळे दोन चमचे क्रीम चीज सहज बसतं. फॅट ३४ ग्रॅम, प्रोटीन मात्र फक्त ६. इथे कीटोवाल्यांशी माझं भांडण आहे. त्यांनी क्रीम चीजला डोक्यावर बसवलंय, आणि शेजारी ब्री बसली आहे तिच्याकडे कुणी बघत नाही. ब्रीमध्ये १०० ग्रॅमला कार्ब अर्ध्या ग्रॅमच्याही आत, फॅट २८ ग्रॅमच्या आसपास आणि प्रोटीन २०. कीटोच्या हिशोबाने हा डबा सरळ वरचढ आहे. बकरीच्या दुधाचं मऊ चीजही तसंच, कार्ब जवळपास नाही आणि प्रोटीन १८ ग्रॅमच्या आसपास.

‘लाइट’ लिहिलेलं क्रीम चीज कीटोवाल्यांनी घेऊच नये. फॅट काढलं की ती जागा पाणी, गोंद आणि दुधाची पावडर भरून काढतात, कार्ब वाढतं आणि चव उतरते. फळांच्या स्वादाचं तर विचारूच नका, त्यात साखरच असते.

कीटोबद्दल एक गोष्ट दिरांना ऐकवते ती इथेही सांगते. हे डाएट १९२१ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी मांडलं ते फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी, वजनासाठी नव्हे. क्रीम चीजच्या ३४ ग्रॅम फॅटपैकी २० ग्रॅमच्या आसपास संपृक्त असतं. सारखंच फॅट लोण्यातून घेतलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जितकं वाढतं तितकं चीजमधून वाढत नाही, असं चाचण्यांमध्ये दिसलंय, हे चीजच्या बाजूने बोलायला हवं. पण ‘लोण्याहून बरं’ म्हणजे ‘हवं तेवढं’ नव्हे. दीर मान डोलावतात आणि तिसरा चमचा घेतात.

फॅटच्या आकड्यांचा आणखी एक घोळ. ब्रीच्या वेष्टनावर कधी ‘फॅट ६०%’ असं लिहिलेलं दिसतं आणि माणसं घाबरून खाली ठेवतात. तो आकडा चीजमधलं पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागातला असतो. ओल्या कपड्यातलं पाणी सोडून नुसतं कापड तोलावं तसा हा प्रकार. ब्रीमध्ये निम्मं पाणीच असतं, म्हणजे खरं फॅट ३०%च्या आसपास. ‘ट्रिपल क्रीम’ नावाच्या मऊ चीजमध्ये हा कोरडा आकडा ७५ किंवा त्याहून जास्त असतो, प्रत्यक्षात ४०च्या जवळपास. फ्रान्समध्ये २००७पासून वेष्टनावर एकूण चीजमधलं फॅट लिहायला लागले, पण जुनी पद्धत सगळीकडून गेलेली नाही. वेष्टनावरचा मोठा आकडा सोडा, मागच्या पोषणतक्त्यातला १०० ग्रॅमचा आकडा बघा.

सासऱ्यांचा डबा रिकोटाचा. तो आमच्याकडचा सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात कामाचा डबा आहे. दुसरं चीज करताना उरलेली निवळी जवळजवळ उकळीपर्यंत तापवली, थोडं आम्ल घातलं, की त्यातली प्रथिनं वर येतात, तो रिकोटा. हल्ली बरेच जण त्यात दूधही घालतात. सोडियम १०० ग्रॅमला साधारण १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम २००च्या आसपास. मीठ कमी करायचंय त्याने रिकोटा किंवा क्वार्क घ्यावं, आणि मोझरेला हवंच तर पाण्यातलं ताजं. किसून बर्फ केलेलं पिझ्झाचं नको.

बीपीवाल्यांना डॅश डाएट सांगतात. त्याची पहिली मोठी चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. फळं, भाज्या, डाळी, कमी फॅटचे दुधाचे पदार्थ असा त्याचा साचा आहे. पुढे त्यात सोडियमच्या २३०० आणि १५०० मिलिग्रॅम अशा दोन पायऱ्या आल्या. १५००च्या पायरीवर उभं राहून फेटाकडे बघा: १०० ग्रॅमला ९०० ते ११०० मिलिग्रॅम सोडियम! ५० ग्रॅमच्या तुकड्याने तिसरा हिस्सा संपतो. सासऱ्यांना फेटा मनापासून आवडतं, म्हणून मी ते पाण्यात भिजत घालते, मध्ये पाणी बदलते. मीठ बरंच उतरतं, सगळं नाही, आणि पोत थोडा सैल होतो. डॉक्टरांना विचारून महिन्यातून कधीतरी चालवतो.

गंमत अशी की हेच फेटा भूमध्य सागरी डाएटमध्ये मानाच्या जागी आहे. तिथे ऑलिव्ह तेल, टोमॅटो, कडधान्यं, पालेभाज्या यांच्यावर ते चुरून टाकायचं असतं. त्याचं काम मिठाचं आणि चवीचं, पोट भरायचं नाही. त्या प्रमाणात खाल्लं तर वरून मीठ घालावंच लागत नाही, आणि हिशोब जुळतो. युनेस्कोने २०१० साली या आहारपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते शेती, स्वयंपाक आणि एकत्र जेवण या सगळ्यासकट. चीजचा मोठा ठोकळा ताटात ठेवून ‘मी भूमध्य सागरी खातो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. घेताना आणखी एक: युरोपात २००२पासून ‘फेटा’ हे नाव ग्रीसमधल्याच चीजला लावता येतं, आणि त्यात निदान ७०% दूध मेंढीचं लागतं, उरलेलं बकरीचं. गायीच्या दुधाचं फेटासारखं पांढरं चीज वाईट नसतं, पण तो मेंढीच्या दुधाचा झणका त्यात नाही.

नणंदेचा डबा सगळ्यांना चकवतो. पोट नाजूक म्हटलं की लोक हलकं म्हणून रिकोटा किंवा कॉटेज चीज पुढे करतात आणि ब्री, कॅमांबेर लपवून ठेवतात. व्हायला हवं नेमकं उलट. लो-फॉडमॅप ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी उभी केली. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट शोषली न जाणारी, आंबणारी कार्बोदकं, आणि दुधातलं लॅक्टोज त्यांतलं एक. चीज करताना बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर जातं, उरलेलं जिवाणू खातात. मुरायला वेळ मिळालेल्या ब्री-कॅमांबेरमध्ये म्हणून ते नावालाच उरतं. ताज्या चीजमध्ये थोडं राहतं, आणि रिकोटा तर निवळीचंच अपत्य. रिकोटा थोडा, दोन-तीन चमचे, बहुतेकांना पचतो. वाटीभर नको.

नुसती लॅक्टोजची अडचण असेल तर फार घाबरायचंही कारण नाही. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दुधातलं लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय झेपतं, असं मानलं जातं. कॉटेज चीजच्या १०० ग्रॅममध्ये ते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास येईल. पण लसूण घातलेलं क्रीम चीज! ‘वहिनी, मी तर दोनच चमचे खाल्ले,’ म्हणत नणंद पोट धरून बसली होती. दोष चीजचा नव्हता. लसणातली फ्रुक्टन्स हेही फॉडमॅपच, आणि फार थोड्या प्रमाणातही ती त्रास देतात. कांद्या-लसणाचं मऊ चीज, मग ते मसालेदार असो की औषधी पानांचं, या डाएटमध्ये बसत नाही. साधं घ्यावं आणि वरून कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घालावा.

मी स्वतः रेनेट बघते. रेनेट मुळात वासराच्या पोटातून काढतात, ते शाकाहारी नाही. बुरशीपासून केलेलं रेनेट असतं, आणि १९९०पासून सूक्ष्मजीवांकडून आंबवून मिळवलेलं कायमोसिनही (रेनेटमधलं दूध साकळवणारं द्रव्य) अमेरिकेत मान्य झालं, आज पुष्कळ चीज त्यावरच होतं. क्रीम चीज, रिकोटा, मस्कारपोने यांना सहसा रेनेट लागतच नाही, पण रिकोटाची निवळी ज्या चीजची, त्यात काय घातलं होतं हा प्रश्न उरतोच. कट्टर पाळणाऱ्यांनी शाकाहाराची खूण बघूनच घ्यावं. पोर्तुगालचं सेरा द एस्ट्रेला हे मेंढीच्या दुधाचं मऊ चीज एका काटेरी रोपाच्या फुलांनी साकळवतात. वनस्पतीचं रेनेट, प्राण्याचा संबंध नाही. मला ते चमच्याने खायला आवडतं, किंचित कडसर आणि ओघळणारं. मिळालं तर सोडू नका.

लेकीचा डबा. युरोपियन न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की दुधाशिवायच्या पदार्थाला ‘चीज’ म्हणून विकता येणार नाही. त्यावर आमच्याकडे तासभर वाद झाला. नाव काहीही द्या, आत दोन वेगळ्या वस्तू असतात. एक काजू भिजवून, वाटून, आंबवलेली. दुसरी खोबरेल तेल आणि स्टार्चची. पहिलीत प्रोटीन आहे, आंबटपणा आहे, खाण्यात जीव आहे, ती मी स्वतःही खाते. दुसरीत प्रोटीन जवळजवळ शून्य आणि संपृक्त फॅट भरपूर, फक्त वितळते छान. दोन्हींत बी-१२ आणि पुरेसं कॅल्शियम आपोआप नसतं, वरून घातलेलं असेल तरच. लेकीला म्हटलं, पांढरं आणि मऊ दिसतं म्हणून त्यातून दुधातलं सगळं मिळतं असं धरू नकोस.

पॅलिओवाल्यांसाठी, म्हणजे आदिमानवासारखं खाऊ पाहणाऱ्यांसाठी, ही यादी एका वाक्यात संपते: दूध नाही, म्हणून चीज नाही. होल३० या तीस दिवसांच्या काटेकोर डाएटमध्येही तेच. ठरावीक तासांतच जेवणाऱ्यांना कुठलंही चालतं, फक्त जेवणाची वेळ संपल्यावरचा ‘एकच चमचा’ हा चमचाही मोजायचा असतो.

भाची गरोदर आहे, तिने विचारलं म्हणून एवढं. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. ब्री, कॅमांबेर यांच्यासारखं बुरशीचं मऊ चीज ओलसर असतं, आणि मुरताना बुरशी त्यातलं आम्ल खात जाते, त्यामुळे जिवाणूंना ते मानवतं. गरोदरपणात ते थंड खाऊ नये. आतपर्यंत वाफ येईतो भाजलं किंवा शिजवलं तर चालतं. पाश्चराइज्ड दुधाचं क्रीम चीज, कॉटेज चीज, रिकोटा, मोझरेला, फेटा चालतं. कच्च्या दुधाचं मऊ चीज असेल तर सरळ नाही म्हणावं.

आणि शेवटी फ्रीजचा प्रश्न, कारण एवढे डबे उघडले की एखादा अर्धा राहतोच. ब्रीवरची पांढरी साल ही मुद्दाम लावलेली बुरशी आहे, ती खायची. रिकोटा, कॉटेज चीज किंवा क्रीम चीजवर मात्र बुरशीचा एक ठिपका दिसला तरी आख्खा डबा टाकायचा. कडक चीजसारखं वरचं कापून उरलेलं वापरता येत नाही, ओल्या चीजमध्ये बुरशीचे धागे न दिसता खोल गेलेले असतात. म्हणून छोटे डबे घ्या, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, आणि ओला चमचा आत घालू नका. आमच्याकडे हा शेवटचा नियम फक्त सासरे पाळतात.